ईटिंग डिसऑर्डर, आमचं घर आणि बाबांची वही

मला अनोरेक्सिया होता, म्हणजे खाणं कमी कमी करत माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो तो ईटिंग डिसऑर्डर. आधी एक गोष्ट सांगून ठेवते. माझं वजन किती होतं, मी किती खायचे, किती धावायचे याचे आकडे यात कुठेही येणार नाहीत. आजारी होते तेव्हा दुसऱ्यांच्या अनुभवांत मी तेवढेच शोधायचे आणि माझा आकडा त्यांच्याहून कमी कसा येईल ते बघायचे, त्यामुळे मी ते कुणाच्या हातात देणार नाही. वाचताना कुणाला तसंच काही व्हायला लागलं तर मधलं सगळं सोडा, सरळ शेवटचा भाग वाचा.

आम्ही दादरचे, शिवाजी पार्कपासून चालत पाच-सात मिनिटांवर घर. घरात आई, बाबा, आजी, मी आणि धाकटा भाऊ. बाबा सरकारी ऑडिट खात्यात, आई शाळेत गणित शिकवायची. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच येतं, अच्छा म्हणजे मार्कांसाठी मागे लागणारे आईबाप. तसं अजिबात नव्हतं हो. अभ्यासावरून आमच्या घरात मला कधी कुणी ओरडलं नाही, दहावीला तर बाबा म्हणाले होते की येतील ते मार्क आपले.

पण दोघं स्वतःला सोडायचे नाहीत. आई पाहुण्यांना वाढता वाढता म्हणायची, "आज आमटी जरा बिघडलीच आहे हां, सांभाळून घ्या", आणि आमटी कधीच बिघडलेली नसायची. निकालाच्या तक्त्यात एका आकड्यावर खाडाखोड झाली की ती अख्खं पान परत लिहायची, मग रात्रीचे बारा वाजले तरी चालेल. बाबांना एकदा त्यांच्याच जुन्या रिपोर्टात त्यांचीच एक चूक सापडली, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नव्हती, ती त्यांनी स्वतः जाऊन साहेबांना दाखवली आणि त्या रात्री भूक नाही म्हणून पानावरून उठले. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. त्या रात्रीतून मी काय उचललं ते मला सतराव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्या कुणीतरी दाखवून दिल्यावर. मी असं शिकले होते की चूक झाली की माणसाने जेवायचं नसतं.

सुरुवात दहावीच्या सुट्टीत झाली. सकाळी पार्कात धावायला जायला लागले, आधी मैत्रिणीबरोबर, ती आठवड्याभरात कंटाळली, मी नाही. जूनमध्ये अकरावीला माटुंग्याच्या कॉलेजात गेले आणि तिथे सगळ्यांनाच दहावीला भरपूर मार्क होते, मी वर्गातली कुणीतरी एक झाले. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये कमी पडले त्या दिवशी घरी येऊन मी परत बूट घातले आणि संध्याकाळीपण धावले, आणि काय सांगू, इतकं शांत वाटलं. दिवसभरात काहीतरी एक पूर्ण, बिनचूक झालं होतं. मग तो नियमच झाला. मग नियमाला नियम फुटत गेले, गोड बंद, तळलेलं बंद, भात बंद, रात्रीचं जेवण लवकर, मग अर्धं, आणि प्रत्येक नियम नीट पाळला गेला की तो सोपा होता असं वाटून दुसऱ्या दिवशी थोडा आणखी कडक करायचा.

याच्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे चारी बाजूंनी कौतुक होत होतं. सोसायटीतल्या काकू म्हणायच्या, "शिस्त शिकावी तर हिच्याकडून." आत्या म्हणाली, "कित्ती छान बारीक झालीस, मला पण सांग ना काय करतेस." क्लास अंधेरीला होता, दादरहून जाताना लेडीज डब्यात बसायला जागा असली तरी मी दाराशी उभी राहायचे, कारण बसणं म्हणजे ढिलाई. लोक म्हणायचे, किती गुणाची मुलगी, बायकांना जागा देते. पावसाळ्यात पार्कात चिखल झाला की बिल्डिंगचे जिने चढउतार. एकदा तर इतका पाऊस होता की गाड्या बंद पडल्या होत्या, रस्त्यावर गुडघाभर पाणी, कॉलेजला सुट्टी, सगळं घर भजी खात बसलेलं आणि मी चौथ्या मजल्यापर्यंत वर-खाली करतेय, छातीत दुखतंय तरी थांबता येत नाहीये. व्यायामाची आवड आणि हे यातला फरक तिथे आहे. आवड असलेल्या माणसाला पावसाने सुट्टी दिली तर तो हळहळेल आणि मग भजी खाईल.

उपवासांचा तर मी पुरेपूर फायदा घेतला. आमच्याकडे आई आणि आजी दोघी संकष्टी करायच्या, सिद्धिविनायक जवळच, अंगारकीला पहाटेच रांगेला जायच्या. मी पण करते म्हटल्यावर दोघी खूश झाल्या. मग श्रावणी सोमवार, मग एकादशी, मग नवरात्राचे नऊ दिवस. उपवासाच्या दिवशी का खात नाहीस असं कुणी विचारत नाही ना, उलट पाया पडायला लावतात. हे पहिल्यांदा आजीने ओळखलं. ती आईला म्हणाली, "अगं, उपवास सोडताना माणसाला भूक लागते. ही उपवास सोडतच नाही." आईने तेव्हा ते अभ्यासाचं टेन्शन म्हणून घेतलं, आणि तिला तरी कुठून कळणार होतं, आमच्या सात पिढ्यांत हा आजार कुणी ऐकलेला नव्हता.

पाळी बंद झाली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली, पीसीओडी असेल म्हणाले, व्यायाम चालू ठेव, गोड कमी कर, आणि पाळी येण्यासाठी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दर महिन्याला रक्तस्राव व्हायचा आणि घरातल्यांना वाटलं झालं नीट. मला हे सगळ्या आयांना ओरडून सांगावंसं वाटतं. शरीराला पुरेसं अन्न मिळत नसलं की मेंदूच पाळीचा सिग्नल बंद करतो, अशा वेळी सोनोग्राफीत ओव्हरी पीसीओडीसारख्या दिसू शकतात, आणि हार्मोनच्या गोळ्यांनी येणारी पाळी म्हणजे शरीर सुधारल्याची खूण नाही, त्या गोळ्यांनी हाडांची झीज पण भरून निघत नाही. विशीच्या आसपासपर्यंत आपण आयुष्यभराची हाडं कमावत असतो आणि माझी तेव्हा झिजत होती. नाडी खूप मंद लागली तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाठ थोपटली, खेळाडूचं हृदय आहे म्हणाले. बाबा केवढे आनंदले होते त्या दिवशी.

मला वाचवलं पार्कातल्या एका काकूंनी. रनिंग ग्रुपमध्ये यायच्या, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्सचं काम केलेलं. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या सकाळी, त्यांनी हायफाय द्यायला माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. हात बर्फासारखा गार होता. त्यांनी कट्ट्यावर बसवलं, नाडी मोजली, मग हातावरची बारीक मऊ लव बघितली, आणि माझ्याशी काही न बोलता माझ्याबरोबर घरी आल्या. आईला म्हणाल्या, "ताई, आज हिला घेऊन जा. उद्या नको, आजच."

हॉस्पिटलात त्यांनी झोपवून आणि मग उभं करून नाडी आणि बीपी मोजलं, ईसीजी काढला, रक्तात पोटॅशियम, फॉस्फरस वगैरे बघितलं. माझ्या वयाच्या मुलांमध्ये जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली की भरती करायचा विचार करतात हे मला तेव्हा कळलं. भरती केलं. बाबांना वाटत होतं घरी नेऊ, चांगलं खाऊपिऊ घालू, तर डॉक्टरांनी समजावलं की फार दिवस उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं, पातळी खाली येते आणि त्याने हृदयाला धोका होऊ शकतो. त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून आधी रोज रक्त तपासत, देखरेखीखाली वाढवत न्यायचं. ते दिवस मला फारसे आठवत नाहीत, सतत थंडी वाजायची आणि मी सलाइनच्या स्टँडला धरून उभी राहायला बघायचे एवढं आठवतं.

खरी कथा डिस्चार्जनंतरची. आम्हाला किशोरवयीन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या एका मॅडमकडे पाठवलं. पहिल्याच भेटीत बाबांनी विचारलं, "डॉक्टर, आमचं काय चुकलं?" ते रात्रभर जागून वहीत मुद्दे लिहून आले होते, मला कधी काय बोललो, कधी काय नाही बोललो, सगळं तारखेनिशी, ऑडिट रिपोर्टच. मॅडमनी ती वही हातात घेतली, बंद केली, आणि म्हणाल्या, "हे आपण नंतर बघू, आणि कदाचित लागणारही नाही. आज रात्री हिला काय वाढणार आहात ते सांगा."

या उपचाराला फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात, १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात त्याची सुरुवात झाली. त्यात मुळाशी असं धरलेलं आहे की आजार कशाने झाला ते शोधत बसायचं नाही, मुलीला दोष द्यायचा नाही, आईबाबांना तर अजिबातच नाही, उलट मुलीला बरं करणारी सगळ्यात मोठी ताकद आईबाबाच आहेत. पूर्वी या आजारात आयांना फार दोषी धरायचे, मुलांना घरापासून तोडून ठेवायचे. २०१० मध्ये ईटिंग डिसऑर्डरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्सने, लेखी भूमिका मांडली की कुटुंब हे या आजाराचं मुख्य कारण आहे हे म्हणणं चुकीचं आहे. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा आई पहिल्यांदा रडली. तोपर्यंत तिला कुणी कुणी काय काय ऐकवलं होतं. तुम्ही दोघं नोकरीवाले, लक्ष नसेल. तुम्हीच हुशार मुलीला जास्त हुशार करायला गेलात. एक नातेवाईक हॉस्पिटलात भेटायला येऊन हेच बोलून गेल्या, माझ्या खाटेशेजारी उभं राहून. त्याचा मला अजून राग येतो. आजारी मुलीच्या आईचे हातपाय गाळून टाकायचे आणि मग तिच्याचकडून अपेक्षा करायची की तिने मुलीला दिवसातून सहा वेळा जेवायला बसवावं.

दुसऱ्या भेटीला घरचं जेवण घेऊन यायला सांगितलं होतं, तुमच्या मते आज हिला जेवढी गरज आहे तेवढं. आईने पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, वर तूप, सगळं डब्यात भरून आणलं. मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण जेवायला बसलो, आजीपण. मी अर्ध्या पोळीनंतर हात काढून घेतला. आई समजावत होती, बाबा समजावत होते, मी ओरडले, रडले, नको नको ते बोलले. मॅडम आईबाबांना एवढंच सांगत होत्या की वाद घालू नका, कॅलरीचं बोलू नका, दोघांनी एकच वाक्य बोला, आणि ती ठरवतेय त्याच्यापेक्षा एक घास जास्त जाऊ दे. एकच. बाबा माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि म्हणत राहिले, "बाळा, हा घास खायचा आहे. मी इथेच आहे." तास उलटून गेला असेल. भात पार गार झाला. मी तो घास खाल्ला आणि मला आठवतं, माझ्या आतलं कुणीतरी मला शिव्या घालत होतं आणि त्याच वेळी खूप खोलवर असं वाटलं की बरं झालं, आता हे मला एकटीला ठरवायचं नाहीये.

मग घरात नवा कायदा आला. तीन जेवणं, तीन मधली खाणी, काय आणि किती ते आईबाबा ठरवणार, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, व्यायाम पूर्ण बंद, जिनेसुद्धा लिफ्टने. बाबांनी साठलेली सगळी रजा काढली. आणि त्यांनी एक नवीन वही घातली. वेळ, पदार्थ, संपलं की नाही, कोण बसलं होतं, खाली सही. ज्या काटेकोरपणाने त्यांनी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले त्याच काटेकोरपणाने अकराचं दूध आणि चारचा शिरा. माझा आजार किती चिवट होता, एखादा दिवस जरी ढिल मिळाली असती तरी त्याने ती पकडली असती, पण बाबांच्या वहीत ढिलीला जागाच नव्हती. जे लोक म्हणतात की तुमच्या घरच्या परफेक्शनने मुलगी आजारी पडली, त्यांना मला ही वही दाखवायची आहे. त्याच परफेक्शनने मला खायला घातलं.

आईसाठी सगळ्यात अवघड काय होतं माहितेय? बसणं. आई आयुष्यात कधी आमच्याबरोबर गरम जेवली नव्हती, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं, बऱ्याचदा ओट्याशी उभ्याउभ्याच. मॅडम म्हणाल्या, तिच्यासमोर तुम्ही पूर्ण ताट घेऊन बसायचं, प्रत्येक जेवणाला. पहिले काही दिवस ती सारखी उठायची, मीठ आणते, लिंबू आणते, आणि बाबा तिला म्हणायचे, "तू बस. मी आणतो." लग्नाला वीस वर्षं झाल्यावर आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. उपवास पण बंद करायला सांगितले, माझेच नाही, घरातले सगळ्यांचेच, मी बरी होईपर्यंत. आईला ते फार जड गेलं, तिची संकष्टी लग्नाआधीपासूनची. आजीने सोडवलं ते. म्हणाली, "पोर जेवायला हवी म्हणूनच ना उपास? मग पोर जेवण्यासाठी उपास सोडला तर बाप्पा रागावणार नाही. त्याला मी सांगते काय ते." आणि त्या चतुर्थीला तिने दुपारीच मोदक केले आणि पहिला स्वतः खाल्ला. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतिणीला द्यायचं ते सगळं तिने मला दिलं.

भावाला मॅडमनी बजावलं होतं की तू पोलीस व्हायचं नाही, तिच्या ताटाकडे बघायचं नाही, जेवण झालं की तिच्याबरोबर बसायचं बस. जेवणानंतरचा तास भयंकर जायचा, मला ते अन्न अंगात आहे हे सहन व्हायचं नाही, पाय आपोआप हलायचे, उठून फेऱ्या माराव्याशा वाटायच्या. तो पत्ते घेऊन यायचा आणि आम्ही झब्बू खेळायचो. तेरा वर्षांचा होता. एकदा मी पत्ते फेकून दिले आणि त्याला काहीतरी खूप वाईट बोलले, तो पत्ते गोळा करून परत पिसत म्हणाला, "हे तू नाही बोललीस, माहितीये मला." आजार वेगळा आणि ताई वेगळी हे मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं, सगळ्यात आधी त्याला कळलं.

त्या काळात मॅडमनी बाबांना दोन प्रयोगांबद्दल सांगितलं होतं आणि बाबांना ते इतके लागू पडले की ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. एक १९४४ सालचा, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात, अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने केलेला. ३६ धडधाकट तरुण पुरुष स्वतःहून तयार झाले, त्यांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं. त्यांना ना बारीक व्हायचं होतं ना सुंदर दिसायचं होतं. तरी ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवत बसायचे, चिडचिडे झाले, उदास झाले, सतत थंडी वाजायची. म्हणजे माझ्या ज्या वागण्याला सगळे माझा स्वभाव समजत होते त्यातलं कितीतरी निव्वळ उपासमारीचं होतं. दुसरा प्रयोग १९६७ चा, उंदरांवरचा. उंदरांना दिवसातून तासभरच खायला दिलं आणि बाकी वेळ पळायचं चाक उपलब्ध ठेवलं, तर ते कमी खायला लागले आणि जास्त जास्त पळायला लागले, काही मरेपर्यंत पळाले. चाक नसलेले उंदीर तेवढ्याच वेळात खाऊन तगले. बाबा गप्प बसून राहिले होते हे ऐकून. मग म्हणाले, त्या उंदरांना तर कुणी अपेक्षांचं ओझं दिलं नव्हतं. उपाशी शरीराला पळायला लागलं की थांबता येत नाही, एवढीच ती गोष्ट होती, आणि त्या एका गोष्टीने त्यांच्या मनावरचं केवढं ओझं उतरलं.

हळूहळू वजन वाढलं, डोकं चालायला लागलं, आणि मग ताबा थोडा थोडा माझ्याकडे परत आला. आधी चारचं खाणं मी निवडायचं, मग कॉलेजचा डबा मैत्रिणींबरोबर, मग एका संध्याकाळी क्लासच्या ग्रुपबरोबर स्टेशनबाहेर वडापाव, सुकी लाल चटणी लावून, पूर्ण. कुठली गोळी न घेता पाळी आली त्या दिवशी आईने शिरा केला.

आणि मग शेवटच्या टप्प्यात मॅडम परफेक्शनिझमकडे वळल्या. त्यांनी मला एक प्रश्नावली दिली, फ्रॉस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेली. त्यात परफेक्शनिझमचे वेगवेगळे भाग मोजतात, चुकांची भीती, स्वतःची उंच मापं, आपण केलं ते बरोबर की चूक ही शंका, टापटीप, आणि दोन भाग आईबाबांचे, त्यांच्या अपेक्षा आणि त्यांची टीका. बाबा परत तयारीने आले होते, की आता आपला नंबर. तर माझ्या उत्तरांत आईबाबांची टीका जवळजवळ नव्हतीच, अपेक्षाही साधारणच, आणि चुकांची भीती अगदी टोकाला. बाबांना काही कळेना. मग मॅडमनी तोच कागद त्यांना आणि आईला भरायला दिला, त्यांनी स्वतःबद्दल भरायचा. दोघांचीही चुकांची भीती माझ्याइतकीच निघाली. कुणी मला काही लादलं नव्हतं. मी दोघांना त्यांच्या स्वतःच्या चुकांशी वागताना बघत मोठी झाले होते, आणि बहुतेक काही रक्तातूनही आलं असेल. २०१९ मध्ये अनोरेक्सियाच्या जनुकांवरचा एक मोठा अभ्यास आला, सुमारे १७ हजार रुग्णांचा, त्यात जनुकांमधल्या आठ जागा सापडल्या आणि या आजाराचा संबंध मनाइतकाच चयापचयाशीही दिसला. मी तो वाचून बाबांना फोन केला होता.

त्या भेटीनंतर उपचार तिघांचे झाले. मॅडम म्हणाल्या, ज्याची स्वतःबद्दलची किंमत फक्त माप गाठण्यावर टांगलेली असते तो माप गाठलं की म्हणतो ते सोपंच होतं, आणि माप वर सरकवतो, नाही गाठलं की स्वतःला शिक्षा करतो, त्यामुळे दोन्हीकडून हरतो. हा विचार २००२ मध्ये रॉझ शाफ्रन आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न वगैरेंनी मांडलेला आहे. मग गृहपाठ. आईचा गृहपाठ, पाहुण्यांना वाढताना आमटीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. बाबांचा, खाडाखोड असलेला कागद तसाच पुढे पाठवायचा आणि त्या रात्री पोटभर जेवायचं, आमच्यासमोर. माझा, जर्नल पूर्ण सुबक न करता सबमिट करायचं. हे लिहायला किती किरकोळ वाटतंय, पण बाबांनी तो कागद पाठवला त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि तरी ते पानावर बसले, भात परत मागून घेतला आणि मला म्हणाले, "आज चूक झाली आणि मी जेवतोय." माझ्यासाठी संपूर्ण उपचारात याच्याइतकं मोठं काही नव्हतं. मला समजावणाऱ्या शंभर वाक्यांनी जे झालं नाही ते बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतल्याने झालं.

बारावीच्या आधी एकदा परत घसरण झाली, परीक्षेच्या तोंडावर, पण बाबांची वही कपाटातून बाहेर आली आणि ती वेळेत सावरली. धावणं बऱ्याच उशिरा सुरू झालं, पाळी नियमित झाल्यावर, हाडांची तपासणी झाल्यावर, आधी नुसतं चालणं. अटी होत्या, घड्याळ घालायचं नाही, धावायच्या आधी आणि नंतर खायचं, आठवड्यात सुट्टीचे दिवस असणारच, आणि पार्काची फेरी कधीकधी मुद्दाम अर्ध्यात सोडून घरी यायचं. अर्धी फेरी सोडून वळताना सुरुवातीला मला अक्षरशः मळमळायचं. आता मी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवते, धावणाऱ्यांना चिक्की वाटते, स्वतः नाव नोंदवत नाही, कारण माझ्यासाठी अजून ते बरं नाही आणि मॅडमचंही तेच मत आहे. खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी मात्र एवढं माहीत करून घ्या की खर्चापेक्षा कमी खाण्याने पाळी, हाडं, हृदय, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो, मुलग्यांमध्येसुद्धा, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून त्याला रेड-एस असं नाव देऊन कोचेसना सावध केलेलं आहे. तुमच्या मुलाच्या कोचला याबद्दल विचारा.

मला बरेच पालक विचारतात की प्रॅक्टिस आणि आजार यातलं नेमकं ओळखायचं कसं. मी सांगते, सुट्टीच्या दिवशी बघा. ताप आहे, पाय मुरगळलाय, घरात कार्य आहे, तरी जावंच लागतं का, नाही गेलं तर खाणं कमी होतं का, चिडचिड आणि भीती दिसते का. बसायची जागा असून उभं राहणं, जेवण दुसऱ्यांसाठी करणं पण स्वतः न खाणं, सगळ्यांबरोबर जेवायला टाळणं, मे महिन्यात थंडी वाजणं, केस गळणं, चक्कर, पाळी चुकणं, आणि एकदम वाढलेले उपवास. वजन फार कमी दिसलं पाहिजे असंही नाही, कुठल्याही वजनाच्या मुलीला किंवा मुलाला हा आजार असू शकतो, झपाट्याने उतरलेलं वजन पुरेसं आहे. डॉक्टरकडे गेलात की झोपून आणि उभं राहून नाडी-बीपी, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम एवढं मागून घ्या, आणि फार दिवस नीट खाल्लेलं नसेल तर घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालायला सुरुवात करू नका, आधी तपासणी. कुणाशी बोलावं ते कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, आमच्या वेळी ती नव्हती, २०२२ मध्ये सुरू झाली, मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर फोनची वाट बघू नका, सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. आणि मुलगी बारीक झालेली दिसली तर तिला छान दिसतेस म्हणू नका, काकू, मावशी, आत्या सगळ्यांनाच सांगतेय, तिला जेवलीस का विचारा आणि तिच्याबरोबर जेवायला बसा.